पहिला वाटा

माघ सरता सरता तेल्हाऱ्याच्या शिवारात वसंताची चाहूल लागते. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेली काळीभोर जमीन आणि मेळघाटातून उतरून पूर्णेच्या भेटीस निघालेली वान नदी, असा हा अकोला जिल्ह्याचा उत्तर भाग. या दिवसांत हरभऱ्याचे घाटे वाळून खुळखुळू लागतात, गव्हावर सोनेरी झाक चढते, तुरीचे खळे उरकून कुटाराचे ढीग रचले जातात. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या वावरात नुसत्या उभ्या असतात. पाहणाऱ्याला वाटावे, की वर्षभर राबलेल्या या भूमीने आता विश्रांती घेण्याचे ठरविले आहे. पण तसे नसते. अंगावर एकही पान नसलेला धुऱ्यावरचा पळस एके दिवशी केशरी फुलांनी पेटून उठतो. आंबा मोहोरतो, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटते आणि पिंपळाची कोवळी पाने उन्हात तकाकू लागतात.

वसंत जसा झाडांवर येतो, तसाच तो कोठ्यातही येतो. वऱ्हाडात गुरांच्या गोठ्याला ‘कोठा’ म्हणतात. पावसाळा संपताना गाभण राहिलेल्या शेळ्या सुमारे १५० दिवसांनी, म्हणजे नेमक्या याच सुमारास व्यातात. विदर्भाच्या या भागातील शेळीची जात ‘बेरारी’ या नावाने ओळखली जाते. तांबूस अंग, लोंबते कान आणि शिंगांच्या बुडापासून नाकपुड्यांपर्यंत गेलेले दोन पट्टे, असे तिचे रूप. तिचे करडू जन्मते तेव्हा दोन-अडीच किलोचे असते. पण त्याची ऐट काय वर्णावी! जन्मल्यावर तासाभरात ते उभे राहते, आणि आठवड्याच्या आत त्याला सारा कोठा अपुरा पडतो. ढेपेच्या पोत्यावर चढावे, तेथून गव्हाणीत उडी घ्यावी, गव्हाणीतून रवंथ करीत बसलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर स्वार व्हावे, असा त्याचा नित्यक्रम. बैल बिचारा एक कान हलवतो आणि पुन्हा डोळे मिटून घेतो.

गाईच्या विण्याची वाट मात्र अधिक काळ पाहावी लागते. ती नऊ महिन्यांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे २८० दिवस वासरू पोटात वाढविते. दिवस भरत आले, की घरातील वडीलधारे माणूस रात्री कोठ्यातच खाट टाकते. पहाटे केव्हा तरी गाय उठबस करू लागते, आणि थोड्याच वेळात ओलेचिंब वासरू भुईवर येते. गाय त्याला खरखरीत जिभेने चाटू लागते. ते चाटणे नुसते लाडाचे नसते. त्याने वासराचे अंग कोरडे होते, त्याला ऊब येते, आणि त्याचा वास गाईच्या ओळखीचा होतो. पुढे शंभर वासरांतूनही ती आपले वासरू त्या वासावरून हुडकून काढते. वासरू उठू पाहते, पडते. पुन्हा उठते, पुन्हा पडते. अखेर चार काटकुळे पाय चार दिशांना रोवून ते उभे राहते, तेव्हा पाहणाऱ्यांचा रोखलेला श्वास एकदम मोकळा होतो.

अशा वेळी घरातील धाकट्या नातीच्या मनात एकच विचार घोळत असतो.

“आबाजी, खरवस कधी होईल?”

“पयले त्याच्या पोटात, माय,” आजोबा सांगतात, “मंग आपल्या वाटीत.”

आजोबांच्या या बोलण्यात पिढ्यानुपिढ्यांचे शहाणपण आहे, आणि आजचे पशुवैद्यकशास्त्रही तेच सांगते. रोगाशी झुंजण्याची शक्ती वासराला आईच्या पोटात असताना मिळत नाही. ती व्याल्यानंतरच्या पहिल्या दाट, पिवळसर दुधातून, म्हणजे चिकातून मिळते. ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमताही तासातासाने घटत जाते आणि एका दिवसात जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे. वासराला पुरून उरेल त्याचाच खरवस करावयाचा. उशिरा मिळालेला खरवस कमी गोड लागत नाही. परंतु उशिरा मिळालेला चीक वासराच्या जिवावर बेततो.

कोठ्यातील सारेच दिवस आनंदाचे नसतात. शेळीला पुष्कळदा जुळी होतात. त्यांतील एक करडू धट्टेकट्टे असते, ते दुसऱ्याला ढकलून आचळाला लागते. दुसरे थरथरत कोपऱ्यात उभे राहते. मग हे दुबळे करडू मुलांच्या हवाली होते. त्याला पोत्यात गुंडाळून छातीशी धरावयाचे, शेळीपाशी नेऊन आचळ त्याच्या तोंडात द्यावयाचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच करावयाचे, रात्रीसुद्धा. झोप मोडते, हात अवघडतात. इतके करूनही एखाद्या सकाळी ते इवले अंग गार पडलेले आढळते. त्या दिवशी कोठ्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. पण पुष्कळदा चौथ्या-पाचव्या दिवशी तेच करडू कोणी न धरता शेळीकडे धावते, गुडघे टेकते आणि शेपटी फडफडवीत पिऊ लागते. ती शेपटी पाहताना मुलांना जो आनंद होतो, तो जत्रेत विकत मिळत नाही.

कोठ्याबाहेर उघड्या वावरातही नवे जीव येत असतात. टिटवी घरटे बांधीत नाही. ढेकळांमधल्या लहानशा खळग्यात ती मातीच्याच रंगाची बहुधा चार अंडी घालते. नांगर जवळ येताच ‘टिटीव, टिटीव’ असा आकांत करीत ती माणसाच्या डोक्यावर घिरट्या घालू लागते. जाणता शेतकरी तिचे म्हणणे ओळखतो आणि तेवढा तुकडा नांगरावाचून सोडून देतो. सुमारे चार आठवड्यांत अंडी फुटतात, आणि पिल्ले थोड्याच वेळात आईमागे धावू लागतात. हातभर जमीन काही दिवस पडीत राहिली म्हणून शेतकऱ्याचे फारसे बिघडत नाही. टिटवीचा मात्र सारा संसार वाचतो.

वऱ्हाडातील वसंत अल्पायुषी असतो. पळसाची फुले गळेपर्यंत उन्हाचा चटका वाढतो, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट. गोडे पाणी दुरून आणावे लागते. तेथील भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस या मुलखाला सरावलेली खरी. पण तिच्या नुकत्या जन्मलेल्या रेडकाला ऊन सोसत नाही. म्हणून वसंतातच उन्हाळ्याची तयारी करावी लागते. छपरावर पऱ्हाट्या पसरून सावली दाट करतात, कुटार झाकून ठेवतात आणि सकाळी घरातले पाणी भरण्याआधी कोठ्यातील हौद भरतात.

गुढीपाडव्याला दारोदारी गुढ्या उभ्या राहतात आणि कडुनिंबाची कोवळी पाने मुलांच्या तोंडात पडतात. तोवर कोठ्यातील वासरू दाव्याला हिसडे देण्याइतके थोर झालेले असते. सायंकाळी धारेची वेळ होते. गडी प्रथम वासराला सोडतो. ते ढुशा देत पिऊ लागले, की गाय पान्हा सोडते. मग त्याला बाजूला बांधून तो तीन सडांची धार काढतो आणि चौथ्या सडाला हात न लावता उठतो. चरवीत दूध थोडे कमी भरते. घरात त्याविषयी कोणी विचारीत नाही. चौथा सड कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असते.