घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. त्यांच्या घोरण्याचं सासूबाईंना कौतुकच, 'दमून आलाय, कशी गाढ झोप लागलीय बघ!' मला धास्ती वाटायची ती मधल्या शांततेची. घोरता घोरता आवाज एकदम बंद व्हायचा. छाती-पोट धडपडत हलत राहायचं, पण नाकाशी हात धरला तर वारा लागायचा नाही. मग एक जोराचा हिसका, घरघर, आणि पुन्हा घोरणं. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. दोन गोळ्या चालू असूनही रक्तदाब चढलेलाच. दुपारी ताटावर बसल्या बसल्या डुलकी. आणि हाच माणूस मागे पन्नास जीव बसवून घाट उतरणार!

करोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता. एका रात्री तो त्यांच्या बोटाला लावला आणि मोबाइलवर चित्रण सुरू केलं. श्वास अडकला तेव्हा आकडा ९५ वरच. मात्र श्वास परतल्यावर तो उतरायला लागला: ९१, ८८, ८५. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून आकडा मागाहून पडतो.

"नसतं खूळ काढू नकोस. कागदावर आलं तर ड्यूटी जाईल," हे म्हणाले. त्यांची भीती खोटी नव्हती. घर त्याच पगारावर चालतं. मी वाद घातला नाही. चित्रण पुढे केलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं आणि "कधी जायचं?" एवढंच विचारलं.

छातीच्या डॉक्टरांनी आधी टेपनं मान मोजली. ४२ सेंटिमीटर. पुरुषाची मान ४० च्या वर असली की संशय वाढतो म्हणे. मग एका रात्रीसाठी घरी यंत्र दिलं: छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. रिपोर्टमध्ये तासाला ३८ वेळा श्वास अडल्याची नोंद निघाली, प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद. पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर म्हणजे तीव्र स्लीप ॲप्निया. घरच्या यंत्राला माणूस झोपलाय की जागा, हे बहुधा कळत नाही. त्यामुळे खरा आकडा याहून जास्तही असू शकतो. म्हणूनच लक्षणं असताना घरची तपासणी स्वच्छ आली, तरी स्लीप लॅबमध्ये रात्र काढावी, असं डॉक्टरांनी बजावलं.

आता हे सीपॅप लावून झोपतात. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा मिटू देत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय मांडला. पहिले काही दिवस मास्क काचायचा, झोपेत ओढून टाकायचे. लहान मापाचा घेतल्यावर जमलं. तोवर त्यांनी रजा काढली होती, आणि त्या रजेचं मला अजून समाधान वाटतं. सकाळची डोकेदुखी गेली.

घरात कुणी घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल, तर दोन मिनिटांचं चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. झोपलेल्या माणसाला स्वतःला हे कळत नाही. शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं.