पडीक कुणाला म्हणायचे?

आम्ही तिघे शाळेपासूनचे मित्र. एक एस.टी.त कंडक्टर होता, दुसरा गवंडीकाम करतो आणि तिसरे आम्ही, नगरपालिकेतून निवृत्त झालेले. रविवारी विहारातली वंदना आटोपली की टपरीवर चहा प्यायचा, ही आमची चाळीस वर्षांची रीत. यंदा त्या रीतीत महिनाभर खंड पडला. गवंडी मित्र आमच्याशी बोलेनासा झाला.

विषय निघाला होता आसामचा. तिथे बागजान येथे २७ मे २०२० रोजी तेल कंपनीच्या विहिरीतून वायू उसळला, ९ जूनला आग लागली. दोन अग्निशामक जवान मेले. हजारो माणसे छावण्यांत जाऊन पडली. शेजारीच दिब्रू-सैखोवाचे राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंगची पाणथळ जागा. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. आम्ही म्हणालो, "जंगलाच्या तोंडाशी असली विहीर खणायचीच कशाला?"

कंडक्टर मित्र म्हणाला, "मग एस.टी. काय पाण्यावर चालवायची? १९७४ ला मुंबई हायला तेल लागलं तवा आनंदानं नाचणारे आपणच होतो."

गवंडी मित्राने वेगळेच काढले. "तेलाचं जाऊ द्या. आपल्या गायरानात उन्हाची वीज येणार म्हणतेत. उन्हाला कुठं आग लागती?"

आम्ही म्हणालो, गायरानात नको. आणि आमचे भाषण सुरू झाले. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात वाघ आला, तो यवतमाळच्या टिपेश्वरहून. अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. शेकडो किलोमीटर तो शेतांतून आणि माळांवरून चालत आला. माळ मोकळे आहेत म्हणून लांडगा, खोकड, काळवीट टिकून आहेत. आपल्या शेजारी, सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केले. तिथेही आता तो क्वचितच दिसतो. साऱ्या देशात दीडशेच्या आसपासच उरलेत. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या माळावर. अंगाने जड आणि समोरचे नीट न दिसणारा हा पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखालून न्यायला सांगितले होते. २०२४ साली तो आदेश सैल केला.

मित्र ऐकत होता. मग म्हणाला, "तुला पेन्शन हाय. माझा पोरगा आयटीआय करून तीन वर्षं घरी बसलाय. आपल्याला माणूस म्हणून घ्यायला हजारो वर्षं लागली. आता पाखरापायी आमची लेकरं उपाशी ठिवतो का?" चहा तसाच ठेवून तो उठून गेला.

घरी येऊन आम्ही मंडळींना सारे सांगितले. वाटले होते, आमची बाजू घेईल. ती म्हणाली, "तुम्हाला पाखरू दिसलं. भाऊजींच्या वडिलांचं दोन एकर दिसलं नाही का?"

आम्ही खजील झालो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. मित्राचे वडील त्यातलेच. सुटून आल्यावर त्यांनी गायरानातले दगड वेचून दोन एकर वहितीला आणले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अशी अतिक्रमणे कायम करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पण त्यांचा कागद काही झाला नाही.

आणि आमचे तरी काय? आमची आई याच गायरानात गवत कापायची, शेण्या वेचायची. दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला तर शिव्या पडायच्या. गायरानात शिव्या द्यायला मालकच नव्हता. तिथे ती ताठ मानेने चालायची.

ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, असा सरकारी हिशेब. कंपनीचा माणूस येतो तोही पडीकच म्हणतो. पक्ष्यांची काळजी करणाऱ्यांनीही वेगळे केले नाही. १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरची रेषा नकाशावर ओढली, तेव्हा गावेच्या गावे आत गेली. जमीन विकायची, घर बांधायचे तरी लोकांना अडचण. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. एकाला जनावर दिसत नाही, दुसऱ्याला माणूस दिसत नाही. त्या दिवशी टपरीवर आम्हीही त्या दुसऱ्यांतलेच झालो होतो.

मग आम्ही चौकशी केली. २०२३ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडे आहे. पण ते सातबारा ज्याच्या नावावर त्याला. गायरानाचा सातबारा सरकारच्या नावावर. म्हणजे वहिती मित्राची आणि भाड्यात त्याचे नावही नाही.

हे सांगायला आम्ही उभयता त्याच्या घरी गेलो. "जय भीम" म्हणालो. वहिनींनी पाणी दिले, तो मान खाली घालून बसला. आधी आम्ही चुकलो असे सांगितले, मग भाड्याचे सांगितले. बराच वेळ तो बोलला नाही. नंतर उठून पत्र्याची पेटी काढली. तीत तलाठ्याने वेळोवेळी लावलेल्या दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या नोंदवहीचा उतारा, सारे वडिलांनी जपून ठेवलेले. आमच्या सौभाग्यवतीने एकेक कागद सालवार लावला. दंडाची पावती हाच वहितीचा पुरावा, हे तिलाच आधी सुचले.

मतभेद मिटले असे मात्र नाही. तो अजून म्हणतो, दिवसा वीज आली तर रात्री साप-विंचवात पाणी धरायला जावे लागणार नाही. हे खरे आहे. आम्ही अजून म्हणतो, गवताचा माळ मोडू नये. आधी शाळा-कचेऱ्यांची छपरे आणि मुरूम काढून खड्डे पडलेली जागा वापरावी. कंडक्टर मित्र दोघांनाही हसतो.

पण येत्या ग्रामसभेला तिघे बरोबर जाणार आहोत. गायरान कुणालाही देण्याआधी तिथे कोण कसते, कोण चारते आणि कोणती जनावरे राहतात याची यादी वाचून दाखवा, असे मागणार आहोत. पेटीतले कागद मित्र घेऊन येईल. अर्ज आम्ही लिहिला आहे. त्यात 'पडीक' हा शब्द आला होता, तो मित्राने खोडायला लावला.