कोपरच्या पुढचं स्टेशन

अहो, ऐका ना! संपादक गोविंद तळवलकरांचा जन्म डोंबिवलीचा! आपल्या शेजारच्या डोंबिवलीचा! भिवंडी रोडला गाडीत बसा, कोपरला उतरा, जिना उतरून खालची लोकल पकडा, पुढचं स्टेशन डोंबिवली! तुम्हाला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंत?

मी काही पत्रकारितेतला जाणकार नाही. नुकता बी.ए. झालोय, पेपर शेवटच्या पानापासून वाचतो, आणि घरी सध्या 'आता पुढे काय?' एवढाच विषय असतो, तोही शेजारच्या मागांच्या खटखटीवर आवाज चढवून! पण वाचनालयात त्यांच्यावरचा एक लेख हाती लागला आणि मग मी जागचा हललोच नाही. जन्म 1925. बी.ए. 1947! देश आणि हे एकाच वर्षी मोकळे! आणि मग 1950 मध्ये 'लोकसत्ता'त उपसंपादक. उपसंपादक हो! म्हणजे काय, तर इंग्रजी तारा मराठीत करा, मथळे द्या, बातमी जागेत मावेना तर कापा, आणि छापून आल्यावर आपलं नाव कुठेही नाही! असं किती वर्षं? बारा! बारा!!

आणि मग 1962 मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' निघतो आणि हे तिकडे जातात आणि मग द्वा. भ. कर्णिकांनंतर संपादक होतात आणि मग थेट 1996 पर्यंत संपादकच! आणीबाणी आली, गेली, सोव्हिएत युनियन फुटलं, यांचे अग्रलेख सुरूच! वर त्या सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावर अख्खा ग्रंथ! निवृत्तीनंतर अमेरिकेत गेले, तिथेही लिहीतच होते. 2017 मध्ये वारले, नव्वदी ओलांडून.

माझं मत विचाराल (कुणी विचारत नाही!) तर यात सगळ्यात भारी ती बारा वर्षं. संपादकाची खुर्ची राहू द्या बाजूला. जगाची बातमी गावाआधी आपण वाचायची, आणि वर पगार! असं काम असतं हे मला कॉलेजात तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही!

तर आता तुमचं काम. त्यांचं 'वाचता वाचता' नावाचं पुस्तक आहे, पुस्तकांवरचंच! तुमच्या वाचनालयात असेल तर आजच घ्या, भराभर वाचा आणि मला द्या. नाही, थांबा, आधी मला द्या!