सांगाड्यास टेकू

कोल्हापूर

चि. बाळ यास,


तुझे सविस्तर पत्र पोचले. स्विफ्टला कडक आणि आखूड स्प्रिंगा बसविल्यास, रुंद टायर चढविलेस, आणि आता पुढच्या दोन्ही स्ट्रटांचे माथे जोडणारा बार, पोटाखालची आडपट्टी व मागच्या सीटपाठीमागचा दांडा असा तिहेरी सरंजाम मागविण्याची तजवीज चालविली आहेस. ती योग्य की अयोग्य, याचा निवाडा तू माझ्यावर सोपविलास. आयुष्यभर गॅरेजात राबलेल्या काकास पुतण्याने असे काही विचारावे, याचे मला फार समाधान वाटले. म्हणून उत्तर लांबले तरी ते शेवटपर्यंत वाचावेस.

ज्या वस्तूस आपण बळकटी देऊ पाहतो ती मुळात काय आहे, हे आधी ध्यानी घे. ट्रकमध्ये खाली लोखंडी चासी आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी असे दोन वेगळे भाग असतात. परंतु १९३४ साली सित्रोएनने आपली ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ जशी घडविली, तशा पद्धतीच्या मोटारींत छत, खांब, दारांखालचे पोकळ उंबरे आणि फरशीचा पत्रा हेच मिळून चासी होते, आणि तुझी स्विफ्टही त्याच कुळातली. बुटांचे रिकामे खोके घेऊन, झाकण काढून, दोन्ही हातांनी ते पिळून पाहा, आणि मग झाकण चिकटवून पुन्हा पिळ. दृढता पत्र्याच्या जाडीपेक्षा पेटी बंद असण्यात किती सामावलेली असते, हे एका क्षणात उमगेल. माझदाच्या उघड्या टपाच्या एमएक्स-५ ला जन्मतःच झाकण नाही, म्हणून १९९४ च्या मॉडेलात मोठे इंजिन देताना कारखान्याने स्वतःच तिला जादा आडपट्ट्या दिल्या. तिथे टेकू हा शोभेचा दागिना नसून निकडीची गरज होती. पाच दारांच्या आणि काच चिकटवून बसविलेल्या गाडीची गोष्ट निराळी.

आता खरा मुद्दा. वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरच्या बाजूवर येणारा भार पुढच्या व मागच्या चाकांनी कोणत्या प्रमाणात वाटून घ्यावा, हे स्प्रिंगा आणि अँटीरोल बार ठरवितात. पण या दोन टोकांमधला सांगाडाच पिळला जात असेल, तर एका टोकाला केलेली दुरुस्ती दुसऱ्या टोकापर्यंत पोचण्याआधीच विरून जाते. सांगाडा ही स्प्रिंगांशी एकापुढे एक जोडलेली आणखी एक स्प्रिंगच समज. स्प्रिंगांची दृढता १ आणि सांगाड्याची १० धरली, तर दोहोंची मिळून ती १० भागिले ११, म्हणजे स्प्रिंगांच्या स्वतःच्या दृढतेपैकी शेकडा ९१ पदरात पडते. आणि सारा खटाटोप करून सांगाडा दुप्पट ताठ केलास तरी ती शेकडा ९५ वर जाते. हे चार टक्के रत्नागिरीच्या रस्त्यावर तुझ्या हातांना कळणार नाहीत. पण स्प्रिंगाच चौपट कडक केल्या, तर त्याच सांगाड्यावर शेकडा ७१ च उरतात आणि सांगाडा दुप्पट ताठ केल्यावर ८३ मिळतात. हे आकडे केवळ कल्पनेसाठी घेतले आहेत, परंतु निर्णयाची किल्ली त्यांतच आहे : टेकूची किंमत टेकूत नसून, तू स्प्रिंगा आणि टायर यांना मूळच्या मर्यादेपलीकडे किती नेलेस, यावर ती अवलंबून असते. होंडाने १९९५ च्या इंटिग्रा टाइप-आर ला कारखान्यातूनच स्ट्रट बार दिला, तो तिचे सस्पेन्शन आणि टायर त्या तोडीचे होते म्हणून.

तू पाठविलेल्या छायाचित्रातला बार मी भिंग लावून पाहिला. एअर फिल्टरला वाट देण्यासाठी तो मधोमध वाकविलेला आहे आणि दोन्ही टोकांना बोल्टची बिजागरी आहे. मॅकफर्सन स्ट्रटचा माथा वळणावर आत-बाहेर ढकलला जातो, तो ताण सरळ दांडा आपल्या लांबीत झेलतो. वाकलेला दांडा मात्र धनुष्याप्रमाणे लवतो. शिवाय चौकट तिरकी होऊ लागली, तर बिजागरीचा दांडा तिच्याबरोबर मुकाट तिरका होतो. काही बार तिसऱ्या पायाने इंजिनामागच्या भिंतीस टेकून त्रिकोण साधतात, ते पुष्कळ बरे. मागच्या दांड्याविषयी म्हणशील, तर तुझ्या गाडीचा मागचा आस मुद्दाम उघड्या छेदाचा ठेवलेला आहे. दोन्ही चाकांना थोडे स्वतंत्रपणे हलता यावे यासाठी तो पिळला जावा, असाच निर्मात्याचा हेतू आहे. सीटमागचा दांडा त्या पिळाला हातही लावीत नाही.

माझ्या झेनला मी एकदा असाच बार बसविला होता. गाडी वळणात एकदम शहाणी झाल्याचा मला साक्षात्कार झाला आणि मी ते चार जणांना सांगितलेही. पुढे स्ट्रट बदलताना बार काढला, तो परत लावायचा राहून गेला. महिनाभर मी गगनबावड्याच्या घाटातून ये-जा केली आणि फरक मुळीच जाणवला नाही. पहिल्या दिवशी बार बसवितानाच चाकांचे अलाइनमेंटही करून घेतले होते, सारे श्रेय त्याचे होते, हे मला तेव्हा कळले.

तुझ्याबाबत मला खरी धास्ती निराळीच आहे. तू समुद्राकाठी राहतोस आणि गाडी जुनी आहे. उंबऱ्यांच्या पोटात गंज शिरला असेल, तर वरून बांधलेला कोणताही दांडा कुजक्या वाशाला दिलेल्या नव्या खिळ्यासारखा. पुढचा एक कोपरा जॅकवर उचल आणि त्या बाजूची दोन्ही दारे उघडून लाव. दार खांबाला घासू लागले किंवा फट असमान झाली, तर बार विसर आणि पत्र्याच्या कारागिराकडे जा. पोटाखालची पट्टी तर गाडी आधीच खाली आणल्यावर पहिल्याच गतिरोधकावर खरडेल. आणखी एक बाब : एका बाजूने धडक बसली, तर वरचा बार तो आघात दुसऱ्या माथ्यापर्यंत नेऊ शकतो, आणि एका बाजूचे काम दोन बाजूंचे होते.

तेव्हा माझा निर्णय असा. तिहेरी सरंजाम मागवू नकोस. तेवढ्या पैशांत लोअर आर्मचे झिजलेले बुश, कडक स्प्रिंगांना साजेसे शॉकअब्सॉर्बर आणि नीट केलेले अलाइनमेंट ही कामे आधी कर. त्यानंतरही हौस उरली, तर सरळ, एकसंध, तीन पायांचा पुढचा एकच बार घे, आणि दिवाळीत आंबा घाटाने इकडे ये. बॉनेट मी उघडीन, तू पाठ फिरवून उभा राहा. कोणत्या फेरीला बार लावला होता आणि कोणत्या फेरीला नव्हता, हे मला दहा फेऱ्यांत सांगून दाखव.

तुझा,
काका