सात छिद्रांचा हिशेब

मी बी.कॉम. झालेला कारकून, आकड्यांशी नाते खतावणीपुरते. पण आमच्या वस्तीतील आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलीच्या ड्रॉइंगमध्येही मला हिशेबच दिसला.

रावेर-यावलच्या केळीबागेत विहिरीवरचा पंप पाइपाला जोडतात तो फ्लँजने. तिच्यावर गोलाकार बोल्टची छिद्रे असतात. छिद्रांचे मध्यबिंदू ज्या वर्तुळावर येतात, त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. दोन्ही फ्लँजचा पीसीडी व छिद्रांची संख्या जुळली, तरच बोल्ट बसतात.

फ्लँजला छिद्रे बहुधा चारच्या पटीत. आठ असली तर ४५ अंश, बारा असली तर ३०. पण एखाद्या यंत्राच्या झाकणाला सात हवी असतील तर? ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८… संपतच नाही. ५१ धरून एकेक छिद्र काढत गेल्यास शेवटचे अंतर ५४ अंशांचे उरते. पीसीडी २०० मिलिमीटर असेल, तर शेवटचे छिद्र सुमारे साडेचार मिलिमीटर सरकते. तिथे बोल्ट कसा जाणार? ऑटोकॅडमध्ये एकच छिद्र काढायचे, ‘पोलर अ‍ॅरे’ला केंद्र, संख्या ७ आणि ३६० अंश सांगायचे, भागाकार तोच अचूक करतो. दरवेळी पैसे सोडणारा कारकूनही वर्षअखेरीस असाच अडकतो.

पालकहो, मुलामुलींना संगणक जरूर शिकवा. पण कमांड पाठ झाली म्हणजे शिक्षण झाले, असे मानू नका. ५४ अंश कुठून आले हे ज्यांना सांगता येते, त्यांचे सॉफ्टवेअर बदलले तरी अडत नाही.