भाव उतरेपर्यंत

त्याच्या घरात आलेला पहिला व्हिडिओ गेम भाड्याचा होता. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या पेठांमध्ये असे डबे दिवसाच्या भाड्याने मिळत. निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची ती उघड नक्कल. पिवळ्या कॅसेटवर लाखो खेळांचा आकडा छापलेला. आत मारिओ, काँट्रा आणि तेच तेच खेळ नावं बदलून. कॅसेट अडली की काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा खाचेत दाबायची. काम व्हायचं ते कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, पिना नीट टेकल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला. उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना खराबच होत.

विकत घ्यायचा विषय निघाला की वडिलांचं उत्तर ठरलेलं: पहिल्या खेपेचा माल घ्यायचा नाही. भाव उतरू दे, खोडी निघू देत. फ्रिज, रंगीत टीव्ही, सगळं याच हिशोबाने घरात आलेलं. त्यामुळे २००० साली जपानमध्ये निघालेला प्लेस्टेशन २ त्याच्या हाती पडला तो बऱ्याच वर्षांनी, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून. त्यावर क्रिकेट ०७ खेळताना उशीर झाल्याचं दुःख अजिबात वाटलं नाही.

वडिलांचं म्हणणं खोटंही नव्हतं. २००५ च्या नोव्हेंबरात आलेले एक्सबॉक्स ३६० इतके बंद पडू लागले, की समोरच्या लाल दिव्यांच्या कड्याची जगभर धास्ती बसली. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडासाठी तीन वर्षांची वॉरंटी द्यावी लागली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. अमेरिकेत ५९९ डॉलरला निघालेला प्लेस्टेशन ३ तीन वर्षांत २९९ वर उतरला. निन्टेंडोच्या थ्रीडीएसने तर कमालच केली: मार्च २०११ मध्ये २४९.९९ डॉलर, ऑगस्टमध्ये १६९.९९. आधी घेणाऱ्यांच्या समाधानासाठी कंपनीने वीस जुने खेळ फुकट दिले. तेवढ्याने कुणाचं समाधान होतं!

मग प्लेस्टेशन ५ आला. भारतात विक्री २ फेब्रुवारी २०२१ पासून, किंमत ४९,९९० रुपये. आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली. आता तो स्वतः कमावता होता, तरी थांबला, सवयच तशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये भाव बदलला खरा, पण ५४,९९० झाला. थांबणाऱ्याला पाच हजारांचा भुर्दंड!

त्याचं फार बिघडलं मात्र नाही. त्याला हवे होते ते दोन मोठे खेळ, होरायझन फॉरबिडन वेस्ट आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक, २०२२ मध्ये जुन्या प्लेस्टेशन ४ वरही आले. नवं यंत्र घेतलेले मित्र आणि तो, सगळेच तेच खेळत होते. मित्रांकडे चित्र अधिक देखणं, एवढाच काय तो फरक.

५ जून २०२५ ला निन्टेंडोचा स्विच २ निघाला, अमेरिकेत ४४९.९९ डॉलरला. चार दिवसांत पस्तीस लाखांहून जास्त खपले. भाव उतरण्याची आशा इथेही धरण्यात अर्थ नव्हता, कारण ऑगस्टमध्ये अमेरिकेत जुन्या स्विचचेच भाव वाढले. म्हणजे वडिलांच्या हिशोबातली किमतीची बाजू आता बाद. उरले दोन प्रश्न: खेळायला काय आहे आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? नवा मारिओ कार्ट होता, तो मुलीला हवाच होता. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं; यंत्र भारतात अधिकृतपणे विकायलाच नव्हतं, बाहेरून आणलेल्याची वॉरंटी इथे कोण बघणार? त्याने पहिल्या खेपेतला घेतला नाही आणि जुन्या स्विचवरच्या मारिओ कार्ट ८ वर मुलीची बोळवण केली. तिला ते पटलेलं नाही.

तुम्ही जपानमधल्या भाच्याला किंवा मित्राला आणायला सांगणार असाल, तर एवढं पाहा: तिथे २०२५ मध्ये ४९,९८० येनला निघालेला स्वस्त स्विच २ फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला खातंही जपानचंच लागतं. सर्व भाषांचा हवा असेल, तर तेव्हा ६९,९८० येनला निघालेला मागवा.