चार आठवड्यांची चिठ्ठी

संपादकांनी मागितला होता उटण्यावरचा लेख. ‘सोपं लिहा डॉक्टर, ते थर-बिर नकोत,’ अशी वर सूचना. उटण्याबद्दल माझं म्हणणं एका ओळीत संपतं: भरड नसावं, खसाखसा घासू नये, अंग पुसल्यावर थोडं तेल लावावं. उरलेली जागा मी एका चिठ्ठीला देतो.

मी दर गुरुवारी लाखांदूरला येतो. रोवणीच्या दिवसांत चिखल्या आणि गजकर्ण एवढंच बघतो. धान घरात आलं, मंडया म्हणजे इकडच्या जत्रा सुरू झाल्या, की मग चेहरे येतात. वडसा जवळ, झाडीपट्टीच्या नाटकांचं बुकिंग तिथं. त्यामुळे हंगामभर रोज रात्री रंग चढवणारे आणि पहाटे मिळेल त्या साबणाने तो खरवडणारे कलाकारही येतात. अधूनमधून इथल्या पार्लरचा कोर्स करणाऱ्या मुलींना मी तासभर शिकवतो. मानधन चहा.

पहिल्या तासाला मी कॅरीबॅग घेऊन जातो. सरकारच्या नियमाने ती किमान १२० मायक्रॉन जाड हवी. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, ज्याच्यावर या मुली आयुष्यभर हात चालवणार आहेत, तो चेहऱ्यावर दहा-वीस मायक्रॉनच्या घरात. मेलेल्या पेशींच्या विटा, मध्ये चरबीचा चुना, असं ते बांधकाम. तळातली पेशी वर येऊन झडायला साधारण महिना घेते, म्हणून ‘आठ दिवसांत उजळ’ म्हणणाऱ्याला आधी कॅलेंडर दाखवावं. या थराची प्रकृती किंचित आंबट, सामू पाचच्या आसपास. साबणाचा नऊ-दहा, लिंबाचा दोन. दोन्ही एकाच गालावर आलटून-पालटून चोळणाऱ्यांना काय म्हणायचं ते मी वर्गात म्हणत नाही.

मग प्रश्न येतो, दर बॅचला येतो: ‘सर, वाफेने पोअर्स उघडतात ना?’ नाही. त्यांना दार नाही, कडी नाही, उघडझाप करणारा स्नायू नाही. वाफेने आतला तेलकट मळ मऊ होतो, एवढंच. मुली मान डोलावतात आणि वहीत ‘वाफ: पोअर्स ओपन’ असंच लिहितात, कारण त्यांच्या छापील नोट्समध्ये तसं आहे. रंगाचंही तेच. गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक त्या किती आणि कसला रंग बनवतात त्यात. हे सांगितलं की वर्ग शांत होतो. पटलं म्हणून की वाईट वाटलं म्हणून, मला अजून उमगलेलं नाही.

यंदा श्रावणात त्यातलीच एक मुलगी मावशीला घेऊन आली. मावशीचा पदर नाकापर्यंत ओढलेला. “उनात गेली का तोंड आगआग करते जी.” पदर सरला. गाल लालबुंद, तुळतुळीत, हनुवटीवर पुटकुळ्या, कानशिलापाशी पूर्वी नसलेली लव. मी काचेची पट्टी गालावर हलकेच दाबली. लाली विझली. पट्टी उचलली, तशी पुन्हा भरून आली. भाचीलाही दाबून बघायला लावलं. म्हणजे ही लाली रक्ताची होती, पातळ झालेल्या कातडीखाली फुगलेल्या बारीक वाहिन्यांची.

पिशवीतून ट्यूब निघाली. आता थोडं खोलात जातो. संपादकांनी कापलं नाही तर वाचा. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी वांगासाठी तीन औषधांचं मिश्रण सांगितलं: रंग रोखणारं हायड्रोक्विनोन, पेशींची उलाढाल वाढवणारं ट्रेटिनॉइन, आणि या दोघांची जळजळ दाबायला स्टेरॉइड. आपल्याकडच्या अशा ट्यूबांमध्ये मात्रा कमी केलेली असते आणि स्टेरॉइड बहुधा मोमेटासोन. औषध चांगलं आहे. मी ते लिहितो, पुढेही लिहीन. पण स्टेरॉइड लावताच वाहिन्या आक्रसतात, चेहरा फिका पडतो आणि आरशाला ते गोरेपण वाटतं. शिवाय चेहरा म्हणजे हात नव्हे. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी मोजलं होतं: हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या पुढच्या भागातून एक पट आत गेलं, तर कपाळातून सहा पट आणि जबड्याच्या कडेतून तेरा पट. महिनोन्‌महिने लावलं की कातडी विरते. थांबवलं की उसळून पेटते, म्हणून बाई घाबरून पुन्हा लावते. २०१८ मध्ये केंद्राने अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून अनुसूची ‘एच’मध्ये आणली. चिठ्ठी असली की झालं, असा त्याचा अर्थ लोकांनी काढला.

लोक मला विचारतात ते मात्र केमिकलविषयी. ‘हर्बल आहे ना, मग साइड इफेक्ट नाही.’ २०२३च्या जानेवारीत अकोल्याची बातमी आली होती: एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा. केईएमच्या डॉक्टरांनी माग काढला तो ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीमपर्यंत; तपासणीत पारा निघाला. पारा रंग बनवणारं एन्झाइम अडवतो, म्हणून उजळवतो खरा; पण कातडीतून आत शिरून मूत्रपिंडात साठतो. असल्या क्रीममध्ये तो दहा लाखांत एक भागापलीकडे नको, असा आपला नियम. नियम डबीवर वाचता येत नाही. म्हणून मुलींना सांगतो, जिच्यावर घटक, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही ती डबी टेबलावरही ठेवू नका.

हे सगळं मी मावशीपुढे तावातावाने बोललो. हे तुम्हाला दिलं कुणी, असंही दरडावून विचारलं. तिने ट्यूबभोवती गुंडाळलेला कागद उलगडून पुढे केला. अक्षर माझं होतं. तीन वर्षांपूर्वीची तारीख, वांगाचं निदान, खाली ‘चार आठवडे, फक्त रात्री’. तेही इंग्रजीत, आणि तिला इंग्रजी येत नाही. दुकानात दर वेळी हाच कागद दाखवून ट्यूब येत होती. भाची खाली बघत होती. तिने टाचण काढलेली वही मांडीवर बंद होती.

औषध एकदम तोडलं नाही. सौम्य स्टेरॉइडवर आणून दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं उतरवत न्यायचं ठरवलं. सोबत साधं व्हॅसलीन आणि सनस्क्रीन. सहा महिने लागतील, मधे चेहरा आणखी वाईट दिसेल, हे मराठीत लिहून दिलं. मोठ्या अक्षरात. मग म्हटलं, जुनी चिठ्ठी माझ्यापाशी राहू द्या, फाडून टाकतो.

“फाडा ना जी,” ती म्हणाली. “हे त झेरॉक्स हाये. असल ननंदेपाशी हाये.”